कॅरॅव्हॅनमधील ओल आणि दुरुस्तीचा हिशेब

ब्रिटनमध्ये मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या जुन्या कॅरॅव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराचा, सांगाडा बहुधा लाकडी असून त्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून पातळ प्लायवूड असते. पत्र्यांच्या सांध्यांत भरलेले मॅस्टिक, म्हणजे लवचीक लांबी, काही वर्षांत कडक होऊन तडकले की पावसाचे पाणी झिरपते आणि लाकूड आतल्या आत कुजू लागते. ओल मोजण्याच्या दोन सुयांच्या यंत्रावर १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा सहसा चिंतेचा नसतो, २० च्या पुढे पाणी शिरत असल्याचा संशय घ्यावा लागतो, तर ३० च्या पुढे सांगाडाच खराब झालेला असू शकतो. खिडकीखालचा कोपरा अंगठ्याने दाबल्यावर भिजल्या पुठ्ठ्यासारखा लागला, तर यंत्राचीही गरज उरत नाही. व्यावसायिक दुरुस्तीत मोठा खर्च सामानाचा नव्हे, मजुरीचा असतो, कारण कपाटे, खिडक्या आणि कडेच्या पट्ट्या उतरवल्याशिवाय कुजलेले लाकूड हाती लागत नाही. केवळ सांधे नव्याने भरणे हौशी मालकालाही जमण्याजोगे आहे. आतल्या भिंतीवरील ओलीच्या डागावर नवा कागद चिकटवणे मात्र निव्वळ फसवणूक होय. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज कॅरॅव्हॅनच्या बाजारभावाला भिडत असेल, तर ओल असल्याचे स्पष्ट सांगून ती आहे त्या स्थितीत विकलेली बरी.