बाळंतिणीची वाट



देवास गेटच्या बसस्थानकावर खेड्यांतून उतरणारी पोटुशी बाई आपण सर्वांनीच पाहिली आहे. हाती बोचके, सोबत सासू, आणि दवाखान्याच्या वाटेची चौकशी. पूर्वी बहुधा घरीच दाई येई. 2005 साली जननी सुरक्षा योजना निघाली आणि आपल्या राज्यात दवाखान्यात बाळंत होणाऱ्या खेड्यातल्या बाईस 1400 व शहरातल्या बाईस 1000 रुपये मिळू लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे मध्य प्रदेशात 2005-06 साली शंभरांतील 26 बाळंतपणे दवाखान्यात झाली. 2019-21 मध्ये 91. एवढा पालट व्याख्यानांनी झाला नसता, आम्हां मास्तरांच्या तर नाहीच!

परंतु 2018-20 या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू महाराष्ट्रात 33, तर मध्य प्रदेशात 173 होते. बाई दारापर्यंत आली; आत तिला काय मिळाले?

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव घ्या. मूल जन्मताच मिनिटाभरात ऑक्सिटोसिनची सुई द्यावी, असे शास्त्र सांगते. हे औषध दोन ते आठ अंश थंडाव्यात ठेवावे लागते. आपल्या माळव्याच्या मे महिन्यात वीज गेली, शीतकपाट बंद राहिले, की औषधाचा गुण उतरतो. सुई वेळेवर टोचूनही रक्त थांबत नाही, आणि बोल मात्र नर्सबाईंना! पुढे मोठे रुग्णालय गाठायचे तर गाडी हवी, चालक हवा, रक्ताची पिशवी हवी, भूल देणारा डॉक्टर हवा. यांतील एक जण गैरहजर असला तर बाकीच्यांची हजेरी फुकट जाते.

2011 पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण व गाडी विनामूल्य आहेत. ज्या घराला हे ठाऊक नाही, ते उसनवार करून पैसे मोजते.

आमच्या समाजात बाळंतीण चाळीस दिवसांचा चिल्ला पाळते. विश्रांती उत्तमच, पण ताप चढला किंवा रक्त जाऊ लागले, तर चाळिसावा दिवस उजाडण्याची वाट पाहू नये. हे आम्ही घरोघरी सांगतो, आणि वडीलधाऱ्या बायका ऐकतातही.

महोत्सवाच्या निधीतून नवी इमारत उठवावी, असे काहींचे मत कानी आले. आमची विनंती निराळी आहे. न्यासाने रक्तदात्यांची गटवार यादी ठेवावी, रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत जाणारी एक जाणती, लिहिती-वाचती बाई पगारावर नेमावी, आणि तिच्या नावाची पाटी या बसस्थानकाजवळ लावावी. पहिल्या वर्षी यादी लिहून काढण्याचे काम आम्ही शिक्षक करू.