परदेशी शिक्षणाची वाट आपल्या विहारातून जाते

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. सातवीतून शाळा सुटली आणि मुंबईच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. एके काळी साचाखात्यात आपल्या माणसाला उभं राहू देत नसत. का, तर कांडीचा तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा विटाळ होई! त्याच साचाखात्यात आम्ही पुढं तीन पाळ्यांत काम केलं. आज ती गिरणी नाही. पण रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, तेवढीच आमची पदवी. अशा माणसानं परदेशातल्या विद्यापीठावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण बोलणं भाग आहे, कारण आमच्या हातून एक चूक झाली आहे आणि ती या विहारातच कबूल केली पाहिजे.

दोन वर्षांमागं आपल्याच वाडीतली एक लेक आमच्याकडं कागद घेऊन आली. म्हणाली, "काका, मला इंग्लंडच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. पाण्याचा, पुराचा अभ्यास करायचाय. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मदत करा." २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल गेला, एस.टी.च्या गाड्या माणसांसकट वाहून गेल्या, तेव्हा ती शाळेत होती. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, तळियेत दरड कोसळली, तेही तिनं पाहिलं. म्हणून तिनं तो विषय निवडला. आणि आम्ही तिला काय सांगितलं? "बाय, आधी इथं एखादी नोकरी बघ. परदेश हे आपलं काम नव्हे."

बाबासाहेबांची जयंती एवढी वर्षं साजरी करणाऱ्या तोंडातून हे शब्द निघाले! लेक गप्प निघून गेली. एकटीनं धावपळ केली. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावाचं एक अक्षर वेगळं होतं, ते दुरुस्त होता होता जात पडताळणी लांबली आणि शिष्यवृत्तीची तारीख निघून गेली. आम्ही वेळेवर तिच्याबरोबर एका कचेरीत जरी गेलो असतो, तर वर्ष वाचलं असतं.

त्या दिवसापासून आम्ही बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा काढलं आणि एकाच गोष्टीसाठी वाचलं. बाबासाहेब परदेशी शिकले कसे? आपण पदव्यांची नावं घडाघड म्हणतो. पण त्या पदव्यांमागं अर्ज किती, पत्रं किती, उधारी किती, हे आपण पोरांना सांगत नाही.

बंधूंनो, १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. फुकट नव्हे बरं का! परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करण्याच्या करारावर सही करावी लागली. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ ला एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला निघाले तेव्हा कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी तिकडच्या प्राध्यापकांना त्यांच्यासाठी शिफारसपत्र लिहिलं. आजही परदेशी प्रवेशाला दोन-तीन शिफारसपत्रं मागतात. म्हणजे रीत तीच आहे.

पण १९१७ ला शिष्यवृत्ती संपली. अभ्यास अर्ध्यावर टाकून परत यावं लागलं. सामान वेगळ्या बोटीनं येत होतं, ती बोट युद्धात पाणतीरानं बुडाली, पुस्तकंही गेली. दुसरा असता तर म्हणाला असता, संपलं! बाबासाहेबांनी निघण्याआधीच लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी मिळवून ठेवली होती. एक अर्ज वेळेवर केलेला होता, म्हणून दार उघडं राहिलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० ला बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. इकडं परळच्या चाळीत रमाईनं संसार कसा रेटला, ते आपल्या आया-बहिणींना सांगायला नको. पुढं प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीला परत पाठवला. तोही बाबासाहेबांनी मुंबईत बसून पुन्हा लिहिला आणि १९२३ ला डी.एस्सी. मिळवली.

आणि हा माणूस शिकून गेला कुठं? आपल्या महाडला आला! २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ज्यानं ओंजळीत पाणी घेतलं, तो लंडनचा डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होता. तळ्याचा खटला पुढं दहा वर्षं चालला, १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आपण जिंकलो. लंडनमध्ये शिकलेला कायदा आपल्या तळ्याच्या कामी आला. परदेशी शिकायचं ते एवढ्यासाठी.

ती परिषद भरवण्यात पुढाकार घेणारे रामचंद्र बाबाजी मोरे आपल्याच मुलखातले, दासगावचे. शिष्यवृत्तीची परीक्षा पास होऊनही त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला होता. त्या लहानग्या पोरानं पत्र लिहून दाद मागितली आणि प्रवेश मिळवला. तेव्हा अर्ज करणं म्हणजे हात पसरणं नव्हे. अर्ज ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे.

आता कामाचं बोलू. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडं जातो. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींच्या. १९९० च्या कायदा दुरुस्तीनं केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या, पण केंद्राच्या दाखल्याचा नमुना वेगळा असतो, तो वेळीच काढा. अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

तयारी वर्ष-दीड वर्ष आधी धरा. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरला भरतात. पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, शिफारसपत्रं आणि आपण काय, कशासाठी शिकणार याचं निवेदन, एवढं लागतं. ते निवेदन दुसऱ्याचं उतरवू नका. सावित्रीच्या पुराबद्दल आपल्या लेकीनं जे स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तेच तिकडच्या प्राध्यापकांना पटलं. आणि आई-बापांनो, दाखल्यांवरची नावं आजच जुळवून बघा, पोरगं पाचवीत असलं तरी. २०२१ च्या पुरात कितीतरी घरांतले कागद भिजून लगदा झाले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, उंच फळीवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडं ठेवा.

आता शेवटचा मुद्दा, तो काहींना झोंबेल. शिष्यवृत्ती मिळण्याआधीच खर्च सुरू होतो. परीक्षेची फी, अर्जाची फी, पासपोर्ट, व्हिसा, कधी जागा राखायला आगाऊ रक्कम. मजुराचं घर इथंच अडतं. आपल्या समितीनं या वर्षी विहारापुढं नवी कमान बांधायचं ठरवलंय. कमानीला आमचा विरोध नाही. पण त्यातला निम्मा पैसा शिक्षण निधीत टाका, आणि घरामागं महिना वीस रुपये आपण सगळे देऊ. शिकून मिळवतं झालेल्यानं ते परत करावं, पुढच्या पोरासाठी. रविवारी वंदनेनंतर एक तास इथं अर्ज भरायला बसू. इंग्रजी येणारे तरुण फॉर्म वाचतील, आमच्यासारखे कचेऱ्यांच्या खेपा घालतील. उन्हात उभं राहायची सवय गिरणी कामगाराला आहेच.

त्या लेकीनं हार मानलेली नाही. बाबासाहेबांसारखीच तिनं विद्यापीठाला विनंती केली आणि प्रवेश एक वर्ष पुढं ढकलून घेतला. पडताळणीचा दाखला आता हातात आहे, अर्ज पुन्हा गेलाय, निकाल यायचाय. ती आज इथं मागच्या रांगेत बसली आहे. बाय, त्या दिवशीचा शब्द आम्ही सर्वांसमक्ष मागं घेतो. निकाल काहीही लागो, या खेपेला तू एकटी नाहीस.