‘फुकट’ शिक्षणाचा खर्च कोण उचलतो?
(गणेशोत्सवात आरतीनंतर केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आरतीनंतर एक विद्यार्थी माझ्याजवळ थांबला. म्हणाला, “काका, आई फोनवर विचारते, जर्मनीत शिक्षण फुकट आहे ना, मग आपली जमीन गहाण का पडली?”

आईचा प्रश्न रास्त आहे. येथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र २०१७ पासून आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवावे लागतात. ते महिन्याला ९९२ प्रमाणे परत मिळतात, पण गावी कर्जाचे व्याज चालूच राहते.

आणि फुकट म्हणजे कोणीच देत नाही असे नव्हे. इथला बसचालक, बेकरीतली बाई करातून देतात. त्यांची मुले कदाचित विद्यापीठात जाणारही नाहीत. इथल्या गरजू विद्यार्थ्यांना सरकार ‘बाफ्योग’ देते. त्यात साधारण अर्धी मदत आणि अर्धे बिनव्याजी कर्ज असते. परतफेड जास्तीत जास्त १०,०१० युरो. म्हणजे समाज हात देतो आणि मुलालाही आपला वाटा उचलायला लावतो.

आपल्याला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुले कष्ट करून शिकली, आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले.

म्हणून मुलांनो, एवढे ऐका. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, जरूर करा. पण रात्रपाळीपायी परीक्षा बुडवू नका. नापास झालात तर घरी लपवू नका. नोकरी लागली की पहिला पगार घरच्या कर्जाकडे वळवा.

आणि इथे स्थिरावलेल्यांनो, आपल्यापैकी कितीतरी जण याच देशाच्या करावर शिकले. न्यासाच्या विद्यार्थी निधीला यथाशक्ती हातभार लावा. ही रक्कम अडचणीतल्या मुलाला बिनव्याजी मिळेल. नोकरी लागल्यावर तो ती परत करील आणि पुढच्याला ती उपयोगी पडेल. अर्ज दानपेटीजवळ ठेवले आहेत. मागणाऱ्याने संकोच करू नये, देणाऱ्याने उशीर करू नये.

गणपती बाप्पा मोरया!