देहाचा ठाव आणि नावाचा ठाव

शिरूर तालुक्यातील कोरेगावाहून आपली भीमा दौंडाकडे वाहते. त्या कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. वंशजांना तेथे हात तरी जोडता येतात. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. तुकडीतले सारे साथी मेले वा घायाळ झाले असता त्यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे घेतले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देहाचा ठाव लागला नाही. कासिनोच्या स्मारकावर केवळ नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण पदक न मिळता जे असेच हरवले, त्यांचे काय? आम्हांस वाटते, त्यांची नावे प्रत्येक गावाने आपल्या वेशीवर कोरावीत. घरच्यांना हात जोडायला तेवढी तरी जागा हवी.