घराचे आवरण आणि उन्हाचा हिशेब



शिरूर आणि दौंड हे आपले दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. येथे उन्हाळ्याचा दिवस भाजून काढतो. पण हवा कोरडी असल्याने रात्र निवते. आपली जुनी माळवदी घरे याच गोष्टीवर उभी होती. जाड भिंती आणि तुळयांवरचा मातीचा थर उष्णता सावकाश पीत. ती आत पोचेपर्यंत सांज होई, आणि माणसे अंगणात वा माळवदावर निजावयास जात.

मग पुन्हा माळवदच घालावे काय? मुळीच नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड छपरे कोसळली. हजारो माणसे त्यांखाली गेली. तेव्हा जुन्या घराची माती नव्हे, त्यामागचा हिशेब आपण घ्यावयाचा.

तो असा. मे महिन्याच्या मध्यास भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर असतो; म्हणजे सर्वांत अधिक ऊन छपरावर. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलून दुपारी सुमारे 48 अंशांवर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर बेताचा छज्जा असला की उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊन, दोन्ही मिळतात. पश्चिमेचे उतरते ऊन मात्र छज्ज्याखालून आत शिरते. त्या बाजूस खिडक्या लहान ठेवाव्यात, झाड लावावे किंवा जिना घ्यावा.

आता रांजणगाव व कुरकुंभच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसाचा विचार करा. रात्रपाळी करून तो पत्र्याच्या खोलीत दुपारी निजतो. पातळ पत्रा उष्णता क्षणभरही अडवीत नाही, आणि पंखा तीच तापलेली हवा फिरवतो. 2018 च्या इको निवास संहितेने छपरातून शिरणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे, 1.2 वॅटची मर्यादा घातली. उघडा काँक्रीटचा स्लॅबदेखील याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. पण ती संहिता 500 चौरस मीटर व त्यापुढील भूखंडांवरील घरांसाठी होती. चार-सहा खोल्यांच्या चाळीपर्यंत ती पोचत नाही. तेथे घरमालकानेच शहाणे झाले पाहिजे.

आपल्याकडे भिंत गवंडी ठरवतो, खिडकी सुतार, पंखा वायरमन. उन्हाचा हिशेब मात्र कोणाकडेच नसतो. दिशा, सावली, छप्पर, खिडक्या आणि शेवटी यंत्र, हा क्रम पाया खणण्यापूर्वीच कागदावर मांडला पाहिजे. छप्पर तापू दिले नाही, तर लहान पंख्यावर भागते. ते तापल्यावर मोठे यंत्र आणून वीज जाळणे हा उलटा व्यवहार होय.

उभ्या खोल्यांनाही उपाय आहे. पत्र्यावर पांढरा लेप द्या. खाली हवेची पोकळी सोडून उष्णतारोधक छत बसवा. भिंतीत उंचावर झरोके ठेवा; रात्री खिडक्या उघडा, दिवसा मिटा.

खोल्या भाड्याने देणाऱ्या आपल्या गावकऱ्यांना माझी एकच विनंती आहे. एप्रिलच्या एखाद्या दुपारी त्या खोलीत आपण स्वतः तासभर निजून पाहावे, आणि मगच पुढच्या खोलीचे छप्पर ठरवावे.