रंग काही झाकत नाही!

जरीपटक्यातून मी पुन्हा तुमच्यासोबत. दिवसा कोड लिहितो, रात्री प्लास्टिकची विमानं जोडतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: मॉडेल छान जोडलं, पण रंग मारल्यावर जोड आणि खड्डे दिसतात, काय करू? तर आज लांबी भरण्याबद्दल बोलू. लांबी म्हणजे पुट्टी हो!

आधी माझी फजिती ऐका. बाबा वायुसेनेत टेक्निशियन होते, बरीच वर्षं मिग-२१ वर काम केलं. नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये हे विमान बनायचं, ते त्यांनी मला लहानपणापासून सांगितलेलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा ठरवलं, बाबांना १/७२ स्केलचं एक बनवून द्यायचं.

पण घाई नडली. धडाच्या जोडावर गाड्यांची एनसी पुट्टी एकदाच जाड थापली, तासाभरात घासली, वर चंदेरी रंग. आठ दिवसांत जोडावर पुन्हा नाली! कारण साधं आहे. या पुट्टीत थिनर असतो. वरून वाळलेली वाटते, आत ओलीच असते. थिनर उडाला की ती आकसते.

बाबांना मोतीबिंदूमुळे तेव्हा कमी दिसायचं. त्यांनी विमानाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि नेमके तिथेच थांबले. म्हणाले, "रंग काही झाकत नाही रे, उलट दाखवतो." हिशेब करा: १/७२ मध्ये ०.१ मिमीचा खड्डा म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ मिमी!

मग सगळं घासून पुन्हा सुरू केलं. या वेळी असं केलं:

एक, जोडाच्या दोन्ही बाजूंना टेप, म्हणजे शेजारच्या बारीक रेषा बुजत नाहीत. पुट्टीचे पातळ थर, प्रत्येक थर रात्रभर वाळू द्यायचा. थिनर प्लास्टिक विरघळवू शकतो, म्हणून आधी टाकाऊ फ्रेमवर तपासा.

दोन, केसाएवढ्या फटीत सुपरग्लू आणि टाल्कम पावडर. हे आकसत नाही, पण तासाभरात घासा. नंतर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं.

तीन, वॉटर पेपर ४००, मग ८००, मग १०००. ओलंच घासा, धूळ उडत नाही. खिडकी उघडी, तोंडाला मास्क.

चार, राखाडी प्रायमरचा पातळ हात, आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. सावली पडली की तिथे अजून खड्डा आहे. आणि शेवटी डोळे मिटून बोट फिरवा. ही तपासणी बाबांची.

दुसऱ्यांदा बाबांनी अंगठा दोनदा फिरवला. कुठेच थांबला नाही. मी वाट बघतोय, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "चाकं कधी लावतोस?"

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर घाई करू नका!