जुबिलीचें पान



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें पूर्ण झालीं, म्हणून आज आपण परमेश्वराचे उपकार मानीत आहों. देवमंदिराला नवा रंग लागला आहे. घंटेचा नाद वाडीवाडींतून ऐकूं येत आहे. अशा मंगल प्रसंगीं मी एक अवघड प्रश्न आपणांपुढें ठेवणार आहें, त्याबद्दल क्षमा असावी.

जुबिली म्हटली कीं आपणांस मंडप व रोषणाई आठवते; पण तिचें मूळ शोभेंत नाहीं. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाचा २५ वा अध्याय काढून पाहा. दर पन्नासाव्या वर्षीं, ज्यानें दारिद्र्यामुळें जमीन विकली असेल त्याला ती परत मिळावी, आणि दास झालेल्या बांधवानें मोकळें होऊन आपल्या कुळांत परतावें, अशी तेथें आज्ञा आहे. म्हणजे जुबिलीच्या पंक्तींत पहिला मान दुबळ्याचा. मग आपल्या पंक्तींत त्याचें पान कोठें मांडलें आहे?

असाच प्रश्न पॅरिस शहरीं फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्यापुढें आला होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेंत तो ख्रिस्तसभेच्या थोर इतिहासाचें मंडन करीत असे. एकदा प्रतिपक्षानें त्याला विचारलें कीं, तुमच्या धर्मानें पूर्वीं मोठीं कार्यें केलीं हें मान्य. पण आज तुम्ही काय करीत आहां? १८३२ च्या पटकीच्या सांथींत त्या एका शहरांत १८,००० हून अधिक माणसें दगावलीं होतीं. विधवा व पोरकीं मुलें उघड्यावर पडलीं होतीं. ओझानामनें उत्तरादाखल आणखी एक व्याख्यान दिलें नाहीं. २३ एप्रिल १८३३ रोजीं, आपल्या विसाव्या वाढदिवशीं, तो कांहीं सोबत्यांसह एकत्र जमला, आणि सिस्टर रोझाली रांदू यांच्या मार्गदर्शनाखालीं ते तरुण गरिबांच्या घरीं जाऊं लागले. तीच मंडळी पुढें संत विन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून जगभर पसरली. १९९७ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ओझानामला धन्य घोषित केलें.

आतां माझी कबुली ऐका. याच जुबिलीची वर्गणी गोळा करीत मी एका घरीं गेलों. ओट्यावर एक वृद्ध मावशी एकट्याच बसल्या होत्या. मुलें परदेशीं असतात. त्यांनीं पदराच्या गांठीची नोट सोडून दिली. मीं पावती फाडली व पुढच्या घराकडे वळलों. पायऱ्या उतरतांना त्यांनीं विचारलें, “बाबा, देवळाला रंग कोणता दिला रे?” गुडघ्यांनीं दगा दिल्यापासून कित्येक महिने त्यांना मिस्सेला कोणी नेलेंच नव्हतें. माझ्या वहींत त्यांचें नांव होतें. माझ्या ध्यानांत मात्र त्या नव्हत्या.

प्रेषितांच्या काळींही असें घडलें. यरुशलेमच्या मंडळींत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपांत उपेक्षा होऊं लागली. प्रेषितांनीं ती तक्रार दडपली नाहीं. सात माणसें निवडून त्यांच्यावर तें काम सोंपविलें.

म्हणून माझी विनंति अशी कीं, हा उत्सव संपण्यापूर्वीं प्रत्येक वाडीनें दोघांची नेमणूक करावी. कोण आजारी, कोण एकटें, कोणत्या घरीं दारूपायीं मुलें उपाशी, कोणाचा मनोरुग्ण मुलगा लोकलाजेनें कोंडलेला, हें त्यांनीं जाणावें. आठवड्यांतून एकदां तेथें जाऊन बसावें. मात्र कोणाच्या अडचणीची बाहेर वाच्यता करूं नये. ज्याला चालवत नाहीं त्याला रविवारीं मिस्सेला आणावें. आणणें अशक्य असेल तर फादरांना कळवावें, म्हणजे पवित्र कोमुनियन त्याच्या घरीं पोंचेल. यास पैसा थोडा, पण वेळ व मन पुष्कळ लागेल.

शेवटच्या न्यायाच्या दिवशीं प्रभु आपणांस मनोऱ्याची उंची विचारणार नाहीं. भुकेल्याला अन्न दिलें काय, आजाऱ्याला भेटलां काय, हेंच तो विचारील, असें मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय सांगतो.

येत्या रविवारीं त्या मावशींना देवळाचा नवा रंग दाखवावयास मी घेऊन येणार आहें. पुढच्या बांकावर त्यांच्यासाठीं जागा राखून ठेवा, एवढेंच मागून मी आपली रजा घेतों.